काढून ठेवलेली बॅटरी

ठाण्याच्या आवारात जप्त केलेल्या गाड्या उभ्या दिसल्या की तो पांढरा पिकअप मला अजून आठवतो.

मी केळापूर तालुक्यात ठाणेदार असताना तिथल्या जंगलरस्त्यावर दिवेलागणीला एका सायकलस्वाराला गाडीने उडवले. तो जागीच गेला. गाडी पसार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावरच्या चहावाल्याने खबर दिली, की पलीकडच्या गावात पुढून चेपलेला पिकअप उभा आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा ड्रायव्हर गाडीपाशीच बसला होता. दिग्रसचा, नुकताच बाप झालेला. दिवा फुटलेला, रेडिएटर गळालेला आणि बंपर धुतलेला.

पंचनामा होताच हवालदाराने बॅटरी काढली. नियम माझाच होता. आवारातून एकदा बॅटरी चोरीला गेल्यापासून ती मुद्देमाल खोलीत कुलपात राहायची. गाडी ट्रॅक्टरला बांधून ठाण्यात आणली.

ड्रायव्हर एकच सांगत राहिला. तो दुसऱ्या रस्त्याने आला, रोही, म्हणजे नीलगाय, आडवा येऊन धडकला, रक्त लागले म्हणून बंपर धुतला. गाडी कुठे आहे ते सांगणारा डबा तिच्यात बसवलेला होता. मालकाला मोबाइलवर नकाशा दिसायचा. त्या नकाशातली रेघ फाट्याशीच तुटली होती. अपघाताचा रस्ता आणि तो सांगत होता तो, दोन्ही तिथूनच फुटतात. यानेच वायर काढली, असे मी ठरवून टाकले.

"डबा काहून बंद केला?" मी विचारले.

"म्या हातबी नाई लावला, साहेब. इश्वास नसन तं गाडीलेच इचारा."

"बोलाव तिले, जबाब लिहून घेतो," हवालदार म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

त्याला पोलीस कोठडी मिळाली, मग कारागृह. परिसरातल्या बाकी गाड्या तपासायला हव्या होत्या. मी माणसे पाठवली नाहीत.

पुढे न्यायालयाच्या आदेशाने मालक गाडी सोडवायला आला. मिस्त्रीने बॅटरी जोडली. थोड्या वेळाने मालक मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशी आला. तुटलेली रेघ पुढे सरकली होती: फाट्यावरून दुसऱ्या रस्त्याने, मध्येच अचानक थांबून, त्या गावापर्यंत. अपघाताच्या वेळी गाडी त्या रस्त्यावर नव्हतीच. डबा बसवणाऱ्यांना फोन केला. रेंज नसली की डबा नोंदी स्वतःपाशी साठवतो आणि रेंज मिळाली की पाठवतो, असे त्यांनी सांगितले. गाडी रेंजमध्ये आली होती, पण बॅटरीशिवाय. नोंदी इतके दिवस माझ्या खिडकीसमोर उभ्या होत्या.

मी अहवाल दिला, तो सुटला. कारागृहाच्या फाटकाशी मी त्याला भेटलो. माफी मागायचे मनात होते.

"लेकराचं बारसं झालं, साहेब," तो म्हणाला. "घरचे तरी कितीक दिवस थांबतीन?"

संशयिताच्या सांगण्याला हसण्याआधी ते तपासून पाहावे, एवढे मी यातून शिकलो. तेव्हा त्यासाठी बॅटरी जोडणे पुरले असते.

खरी गाडी सापडली नाही. गुन्हा खरा, आरोपी अज्ञात, असा शेरा देऊन प्रकरण बंद झाले. ते सांगायला मी मृताच्या घरी गेलो. त्याच्या पत्नीने सगळे ऐकून घेतले.

"तुमी त्यालेच धरून बसले," ती म्हणाली, "म्हनून दुसरा निसटला."

तिचे हे म्हणणे माझ्या कुठल्याही अहवालात नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो आहे.