आतोबांची जीभ

आत्याच्या नवऱ्याला आम्ही आतोबा म्हणतो. मान म्हणून नव्हे, सवय म्हणून. स्टर्जन माशांच्या तळ्यांवर ते चाखणारे होते. गाबोळीचा, म्हणजे त्यांच्या भाषेत कॅव्हिअरचा, एकही डबा त्यांनी चाखल्याशिवाय विकायला जात नसे. पाहुणे आले की ती खायची कशी याचं प्रवचनही त्यांचंच. "धातूचा चमचा लावलात की संपलं! शिंपल्याचाच हवा. चार दाणे मुठीच्या पाठीवर घ्या, जिभेनं टाळूवर फोडा. चावायचंच असेल तर शेंगदाणे खा." माणूस सतत नाकानं कांदे सोलायचा.

आणि ती जीभ होती मेलेली. एका तापात चव गेली, ती परत आलीच नाही. तळ्यांच्या मालकिणीला कळलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून त्यांनी फक्त आत्याला सांगितलं आणि तिनं मला. आम्ही दोघी आतल्या गार खोलीत गाबोळी चाळणीवर मोकळी करून तिला मीठ लावायचो. आत्या आधी चाखायची आणि डब्याशेजारी चमचा ठेवायची. उताणा म्हणजे उत्तम, पालथा म्हणजे बाद. आतोबा चमच्याकडे बघून डोळे मिटायचे आणि "अहाहा! लोणी! अक्रोड!" करायचे. आयत्या बिळावर नागोबा. बायकोला कधी एक गोड शब्द? नाव नको.

माशाला कापण्याआधी काही आठवडे उपाशी, वाहत्या स्वच्छ पाण्यात ठेवावं लागतं, नाहीतर गाबोळीला चिखलाची चव येते. असा एखादा चिखलट डबा चांगल्या डब्यांत मिसळून आणायचा आणि आतोबांनी तो पाहुण्यांसमोर पकडायचा, हा त्यांचा आवडता खेळ.

त्या दिवशी मोठे खरेदीदार आले होते. आत्या दोन डबे घेऊन बाहेर आली, एक चांगला, एक चिखलट. एकानं अदबीनं विचारलं, "बाई, तुम्हाला यातला कुठला आवडला?"

आतोबा फिस्सकन हसले. "हिला काय विचारता? गाढवाला गुळाची चव काय!"

सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्यानं मात्र शांतपणे दोन्ही डबे मांडले आणि दोन्ही चमचे उताणे ठेवले.

आतोबा गोंधळले. पण माघार घेतील तर ते आतोबा कसले! दोन्ही चाखून त्यांनी चिखलाच्या डब्यावर बोट ठेवलं. "हा! हा राजा!" खरेदीदारानं एक घास घेतला आणि रुमालात थुंकला. मग मालकिणीनं चाखलं. संध्याकाळपर्यंत आतोबांची नोकरी गेली होती.

रात्री मी त्यांच्याकडेच जेवायला होते. आतोबांनी पहिला घास घेतला आणि नेहमीप्रमाणे भाजीला नावं ठेवायला तोंड उघडलं. सवयीनं नजर वाढायच्या चमच्याकडे गेली. तो पालथा होता.

"मीठ..." ते म्हणाले आणि अडकले. कमी की जास्त, हे चमचा सांगत नव्हता. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "काय गं, कमी झालंय का?"

उभ्या संसारात त्यांनी तिला पहिल्यांदा काही विचारलं होतं. आत्या म्हणाली, "घातलंच नाही."