'झालं'च्या रकान्यात अण्णा

आमचे वडील, अण्णा, वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी पुन्हा घरकामाला लागले, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

त्याचं असं झालं, की आमच्या कंपनीत 'अजाइल' आलं. सॉफ्टवेअर करायची नवी रीत. आजवर मी वर्षभर मान खाली घालून प्रोग्रॅम लिहायचो आणि शेवटी एकदाच शिव्या खायचो. आता थोडंथोडं करायचं, दर आठवड्याला दाखवायचं आणि शिव्याही हप्त्याहप्त्यानं खायच्या. पन्नाशीत हे शिकायचं, तर सराव घरीच बरा! निमित्तही होतं. आमच्या रोहननं पूर्वा नावाची मुलगी पसंत केली होती. तिचे वडील, लासलगावचे कांदा व्यापारी, रविवारी इंदिरानगरचं आमचं घर बघायला येणार होते. त्यांचा होकार तेवढा बाकी होता. "बाबा, या वेळी काही घोळ घालू नका," असं रोहननं मला हात जोडून सांगितलं. मी लगेच कामाला लागलो.

हॉलच्या भिंतीवर, अण्णांच्या फोटोखाली, मी खडूनं तीन रकाने आखले. करायचं, चालू, झालं. (नव्या रंगावर खडू बघून बायको, मालिनी, काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.) मग चिकटचिठ्ठ्या लावल्या. बेल वाजत नाही. सोफ्याचा पाय डुगडुगतो. बेसिनचा नळ गळतो. अण्णांच्या फोटोचा हार वाळलाय. रोज सकाळी सगळ्यांनी भिंतीसमोर गोल उभं राहायचं (बसलं की माणूस गप्पा मारतो) आणि प्रत्येकानं सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, घोडं कुठे अडलंय. पहिल्या दिवशी सगळ्यांचं उत्तर एकच आलं. काल काही नाही, आज बघू.

दुसऱ्या दिवशी बेलची चिठ्ठी 'झालं'मध्ये! मला वाटलं रोहननं केलं, रोहनला वाटलं मी केलं. आमच्यापैकी कुणीच केलेलं नाही, याची मालिनीला लग्नापासून खात्री होती. त्यानंतर सोफ्याची चिठ्ठी सरकली. कुणी कबूल करेना. आई मात्र फोटोकडे एकटक बघत होती.

"हेच करतायत," ती हळूच म्हणाली.

मला ते लगेच पटलं. कारण अण्णांची रीत तीच होती. कुणाला न सांगता दुरुस्ती उरकायची आणि पेपर वाचत बसायचं. तेवढ्यात मला हॉलमध्ये निलगिरीच्या तेलाचा वास आला. अण्णा गुडघ्यांना तेच चोळायचे. वास एकट्या मला आला असता तर सोडून दिलं असतं, पण मालिनीनं माझा दंड घट्ट धरला.

दुसऱ्या सकाळी आईनं गोलात एका माणसाची जागा मोकळी ठेवली. "यांनाही विचार," म्हणाली. आता आईला नाही कोण म्हणणार? मी त्या रिकाम्या जागेकडे बघून विचारलं, "अण्णा, काल काय केलंत?" सगळे कान देऊन उभे. आणि त्या शांततेत एकदम लक्षात आलं, की बेसिनच्या नळाची टपटप थांबलीय. भिंतीवर बघितलं, तर नळाची चिठ्ठी 'झालं'मध्ये.

शनिवारी फोटोला ताजा झेंडूचा हार होता. अण्णांनी स्वतःचा हार स्वतःच बदलला होता.

एवढं होऊन बेल दाबून बघावी, नळ सोडून बघावा, हे कुणालाच सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, हिंमत झाली नाही; हातही आम्ही स्वयंपाकघरातच धुवत होतो. अण्णांचं काम तपासायचं? ते हयात असताना त्यांनी ठोकलेला खिळा हलवून बघितला म्हणून मी मार खाल्लाय.

रविवारी आम्ही नटूनथटून बसलो. पाहुणे काही येईनात. शेवटी पूर्वानं रोहनला फोन केला, की आम्ही कधीचे दाराशी उभे राहून बेल दाबतोय. आत आल्यावर तिचे वडील पोह्यांची बशी घेऊन सोफ्यावर बसले आणि सोफ्यासकट डावीकडे गेले. पोहे धोतरावर. हात धुवायला उठले, तर नळातून थेंब नाही. रोहननं माझ्याकडे असं बघितलं, की पुढचा फोटो माझाच लागणार.

तेवढ्यात आमच्या कामवाल्या हिराबाई चहा घेऊन आल्या. मूळच्या पेठ तालुक्याकडच्या. "नळाची खालची चावी मीच बंद केली. लय फरशी भिजायची," त्या शांतपणे म्हणाल्या. "आन् त्या चिठ्ठ्या पंख्यानं पडत्यात. झाडताना उचलून लावते. ह्यो रकाना मोकळा दिसला, म्हून हितं लावल्या."

पूर्वा स्वतः सॉफ्टवेअरमधली. तिनं भिंत नीट पाहिली. "काका, काम 'झालं' म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवलं होतं का? कुणी चालवून बघितलं?"

अजाइलचा हा पहिलाच धडा. तो सोपा वाटला म्हणून मी शेवटी वाचणार होतो.

आईनं मग पाहुण्यांना सगळं सांगून टाकलं, अण्णांसाठी ठेवलेल्या जागेसकट. मी जमिनीकडे बघत राहिलो. पूर्वाचे वडील धोतर झटकत उठले. "आम्ही ढिगात हात घातल्याशिवाय कांद्याची बोली लावत नाय," ते म्हणाले. "पण गेलेल्या माणसाला गोलात जागा ठेवणाऱ्या घरात पोरगी द्यायला माझी हरकत नाय."

आईचे डोळे भरून आले, माझेही. सगळे हसत होते. मी हिराबाईंना म्हटलं, "हार मात्र छान आणलात."

"हार?" हिराबाईंनी वर फोटोकडे बघितलं. "तिथं माझा हात पोचत नाय, साहेब."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. रोहननं नाही म्हणून मान हलवली, मालिनीनंही हलवली, आईनं तर फोटोला हातच जोडले. म्हणजे माझ्या अख्ख्या टीममध्ये दिलेलं काम खरोखर पूर्ण करणारा माणूस एकच निघाला, आणि तो हयात नाही.