दुसऱ्या दगडावर नारळ

मी नारळ शिल्पावरच फोडला.

दोन दगडांचं शिल्प होतं. एक उभा, माझ्याहून हातभर उंच. दुसरा त्याच्या पायाशी, बसका, परातीसारखा खोलगट. उंच दगडावर मी स्वतः पडदा घातला होता, म्हणजे ते शिल्प. बसक्याला कापड पुरलं नाही. तो उतरवताना उरलेला असावा, असं मी ठरवून टाकलं. अनावरणाआधी नारळ हवाच, नारळ फोडायला दगड हवा, आणि दगड तर समोरच होता.

शिल्पकार कोरियाचे, आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे. बाकीचे त्यांना जपानी म्हणत. मी पडलो अध्यक्ष, चार गोष्टी जास्त जाणणारा, म्हणून मी चिनी म्हणायचो. सुरुवातीला ते दुरुस्त करायचे, पुढे त्यांनी नाद सोडला. विशीत घर सोडून ते युरोपात संगमरवर शिकायला गेले. आपल्याकडचा काळा दगड बघायला म्हणून तीन महिन्यांसाठी पुण्यात आले, ते वीस वर्षं झाली, इथेच आहेत. कात्रजच्या पुढे त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे घडलेले दगड बोटीनं जायचे आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या चौकांत उभे राहायचे. पुण्यात मात्र त्यांचं एकही काम नव्हतं. कुणी मागितलंच नव्हतं.

मग त्यांचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी छिन्नी कायमची बंद केली. तेव्हा ते आपण होऊन आमच्या सभेला आले आणि म्हणाले, शेवटचं काम खांदा जायच्या आत पुरं झालंय, ते मी राहतो तिथेच ठेवावं म्हणतो. पैसे नकोत. 'नकोत' ऐकताच ठराव एकमतानं झाला. त्यांनी सगळं समजावूनही सांगितलं होतं. बसक्या दगडात पाणी राहील, उभा त्यात दिसेल. उभ्याला पंधरा दिवस लागले, बसक्याची कड पातळ करायला चार महिने. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होतो. डोक्यात एकच विचार होता, की या दगडांपायी दोन स्कूटरींची जागा जाणार.

तर नारळ. पहिल्या दणक्याला फुटला नाही. सगळी सोसायटी बघतेय म्हणून दुसरा दणका अंगातलं सगळं बळ एकवटून, नेमका कडेवर घातला. टाळ्या पडल्या. शिल्पकार खुर्चीतून उठून पुढे आले. मला वाटलं, प्रसादाला आले. मी खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो घेतला. दोन्ही हातांनी घेतला, आणि मान लववली. हे आठवलं की अजूनही मी एकटा असलो तरी इकडेतिकडे बघतो. मग ते गुडघ्यांवर बसले आणि कडेवरून बोट फिरवत गेले. एका जागी बोट थांबलं. नखाएवढा टवका उडाला होता.

"हे पण शिल्प आहे," ते हळूच म्हणाले.

त्यानंतरचा अर्धा तास मी जोधपुरी कोट घालून फरशीवर रांगत होतो. टवका सापडला की तो चिकटवता येईल आणि माझी सुटका होईल, एवढंच मला कळत होतं. तीनदा मी काहीतरी काळपट उचलून त्यांच्यापुढे धरलं. तिसऱ्या वेळी बायको खुर्चीवरूनच म्हणाली, "अहो, तीही करवंटीच आहे." टवका शेवटी त्यांनाच सापडला. चुरा झालेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात गेलो. माफीचं भाषण पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. त्यांनी चहा केला, डाव्या हातानं. मी म्हणालो, चांगला कारागीर आणतो, कड घासून सारखी करून देईल. दुसऱ्याचा हात लागू देणार नाही, असं ते म्हणाले.

"मग आपण पुन्हा..." मी एवढंच बोललो.

"चार महिने आता या खांद्यात नाहीत," ते म्हणाले.

दगड परत नेणार का, हे विचारायला मला आठवडा लागला. आपल्याच गावात ठेवलेलं त्यांचं एकमेव काम माझ्यामुळे उचललं जाणार, या धाकात मी त्यांच्या दारावरून जाणाऱ्या जिन्यानं न जाता लिफ्टनं तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरून मागच्या फाटकानं दूध आणत होतो. शेवटी एका सकाळी ते दगडापाशीच भेटले. बसक्या दगडात बादलीनं पाणी ओतत होते. पाणी टवक्यापर्यंत चढलं आणि तिथून बारीक धारेनं गळायला लागलं. मी विचारलं, दगड नेणार का? ते ती धार बघत राहिले. मग म्हणाले, नेत नाही, राहू दे.

मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच अध्यक्ष झालो. म्हणालो, आजच पाटी लावतो, 'मुलांनी शिल्पास हात लावू नये'.

"पाटी कशाला?" ते बादली उचलत म्हणाले. "मुलं रोज यात होड्या सोडतात, त्यांनी काही मोडलं नाही. अध्यक्षसाहेब, आपण तेवढं लांबून बघत जा."