माहेराहून आलेलं इंजिन

पेट्रोलच्या नळीपासून हॉर्नच्या तारेपर्यंत मी एकूण सव्वीस चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर त्या तारेचं नाव, गाव, पत्ता. अक्षर माझं बरं आहे. कॉलेजात वर्षानुवर्षं फळ्यावर नकाशे काढून त्याला वळण लागलंय. मग एकेक तार, एकेक नळी सोडवली. आणि मग, इंजिनावर साचलेल्या काळ्या सायीखाली बोल्ट तरी दिसावेत म्हणून डिझेलमध्ये ब्रश बुडवून सगळं इंजिन प्रेमानं धुऊन काढलं. दहा मिनिटं निथळू दिलं. चष्मा पुसून पाहतो तर सव्वीसच्या सव्वीस चिठ्ठ्या कोऱ्या. शाईचा निळसर ओघळ फरशीवरून वळणं घेत कडुनिंबाच्या आळ्याकडे निघाला होता. क्षणभर मला तो सीना नदीसारखा दिसला. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला संकटातही नद्याच दिसतात.

संकट मात्र खरं होतं, कारण गाडी माझी नव्हती. ती बायकोची होती, आणि तिलाही ती वाटणीत मिळालेली.

माझे सासरे बार्शीत डॉक्टर होते. तरुणपणी त्यांनी सोलापूरच्या गिरणीतल्या कुठल्याशा साहेबाकडून ही गाडी घेतली होती. गर्द हिरवी, वर छप्पर नसलेली, लांब नाकाची, जेमतेम दोन माणसांची. डॉक्टरनं घ्यावी अशी ती गाडी नव्हेच. पेशंटला आणायचं म्हटलं तर डॉक्टरांना उतरावं लागायचं. पण वैरागच्या बाजूला कुणी आजारी असलं की सासरे हीच गाडी काढायचे आणि शेजारच्या सीटवर औषधांची बॅग मांडीवर घेऊन त्यांची मुलगी बसायची. तिचा भाऊ मोठा, पण त्याला गाडी लागायची. त्यामुळे ती सीट कायमची हिची झाली.

सासरे गेले. वाटणीची बोलणी बसली तेव्हा भावानं शेत, घर, सगळं सरळपणानं पुढं मांडलं. ही म्हणाली, "मला पत्र्याच्या शेडमधली गाडी दे, बाकी तुला." भाऊ हसला. गाडी वीस-बावीस वर्षं जागची हललेली नव्हती. टेम्पोत घालून ती सोलापुरात आमच्या अंगणात आली तेव्हा चाकं फिरेनात. गिअर अडकलेला, गाडी ढकलली की टायर फरशीवर घासत यायचे. ओळखीचा मेकॅनिक बॉनेट उघडून, बंद करून म्हणाला, "एकतर गिअर बॉक्स धरलाय, नाहीतर इंजिन. बाहेर काढून दोन्ही वेगळं केल्याबिगर कळायचं न्हाय. आणि इंजिन धरलं असंल तर ह्याचं सामान आता कुटं मिळायचं? विसरा." ते काम अंगावर घ्यायला मात्र तो काही तयार झाला नाही.

तेवढ्यात भावाचा फोन आला. पुण्यातला एक माणूस गाडी आहे तशी न्यायला तयार होता. त्याला म्हणे अशा गाड्या दिवाणखान्यात उभ्या करायच्या असतात. हिनं खिडकीतून गाडीकडे बघितलं. मग म्हणाली, "दादा, रविवारी सांगते. इंजिन फिरलं तर ठेवते. नसंल फिरत तर त्याला पाठव. मढं सांभाळत बसायचं न्हाय मला."

एरवी ती असं बोलत नाही. बार्शीशी बोलताना तिचं मराठी तीस वर्षं मागं जातं.

मी लगेच म्हणालो, "मी काढतो इंजिन." का म्हणालो ते आजही सांगता येणार नाही. पृथ्वीच्या पोटात काय काय आहे हे मी पोरांना इतकी वर्षं सांगत आलोय. बॉनेटच्या पोटात काय असतं हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. पण आठवडाभर स्पार्क प्लगच्या भोकांतून थेंब थेंब तेल सोडलं, पुस्तकं वाचली, मोबाइलवर गोऱ्या म्हाताऱ्यांना इंजिनं उपसताना पाहिलं. बॉनेट उतरवून पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर निजवलं आणि वर चादर घातली. रेडिएटर काढला. आणि शनिवारी सकाळी या चिठ्ठ्या.

"काय करालाव सर?"

कंपाउंडच्या भिंतीवरून अण्णा बघत होते. अण्णा आमचे शेजारी. जन्म कापडाच्या मागावर गेलेला. आता कारखाना मुलं बघतात आणि अण्णा मुलांना बघतात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. मी त्यांना कोऱ्या चिठ्ठ्या दाखवल्या. सांगितलं की आता ही तार कुठली आणि ती कुठली, हे देवालाही कळणार नाही.

अण्णा दारातून आत आले, लुंगी सावरून गाडीच्या तोंडाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसतेच बघत राहिले. मी एक तार उचलून अंदाजानं एका टोकाशी नेऊ लागलो.

"अट्ला कादु," ते म्हणाले. म्हणजे तसं नाही. "ओढू नका. सोडा तिला. हात काढा."

मी हात काढला. तार हळूच मागं झाली, थोडी वळली आणि एका पितळी स्क्रूच्या जवळ येऊन थांबली. अगदी बोटभर अंतरावर.

"बघा. किती वर्षं तिथंच होती ती. उन्हानं कडक झाली. तिचा बाक मोडत नाही. मागावर पण तसंच की. ताण्याचा, म्हणजे उभा दोरा तुटला, तर कुठला तुटला हे शोधायचं नाही. दोरा सोडायचा. तो स्वतः सांगतो, मी इथला."

मग ते घरी गेले आणि रंगीत सुताच्या उरलेल्या कांड्या ओंजळभर घेऊन आले. एक तार सोडायची, ती कुठं झुकते ते बघायचं. त्या जागी लाल सुताची गाठ, तारेलाही लाल. पुढची पिवळी. पुढची हिरवी. रंग संपले तेव्हा दोन रंगांचा पीळ. माझं काम फक्त कात्री द्यायचं. दुपार झाली होती. ऊन अंगणात ओतल्यासारखं पडलं होतं, आणि पलीकडच्या गल्लीतल्या मागांची खटखट इतकी सारखी होती की ती ऐकू येणंच बंद झालं. अण्णांची बोटं चालत होती. मला अधूनमधून वाटायचं की आम्ही गाडी उघडत नाही, विणतोय. आता हिच्या नाकातून हिरवं कापड गुंडाळत बाहेर येणार. दोन-तीन नळ्या रबराच्या, त्या कुठंच झुकेनात. अण्णा म्हणाले, "ह्या नुसत्या पोटासाठी होत्या, ह्यांना गाव नाही." त्यांना त्यांनी पांढरं सूत बांधलं.

बायको चहा घेऊन आली. गाडीच्या तोंडात लोंबणारे रंगीत गोंडे बघून थांबली.

"हे काय? लग्न आहे का हिचं?"

"पद्धत आहे एक," मी म्हणालो. "शास्त्रीय."

"सकाळी फरशीवर निळं पाणी बघितलं मी," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही पेन धुतलंत." आणि अण्णांना कप देत, "अण्णा, सगळ्या सापडल्या का हो?"

"सापडल्या अक्का. सर घाबरले होते, तारा नाही घाबरल्या."

ती हसली नाही. तिथंच पायरीवर बसली. काळवंडलेल्या इंजिनाकडे बघत म्हणाली, "वैरागच्या अलीकडं एक उतार होता. बाबा तिथं गाडी बंद करायचे. नुसती उतारावर सोडून द्यायचे. आवाज नाही, काही नाही. दोन्ही बाजूंना ज्वारी. मला वाटायचं आपण झोपेत चाललोय." एवढंच बोलून कप गोळा करून आत गेली.

रविवारी सकाळी बोअरमधली मोटर उपसणाऱ्यांकडून तीन पायांचं लोखंडी तिकाटणं आलं. अण्णांनी त्यांच्या कारखान्यात माग बसवताना वापरायची साखळीची कप्पी आणली. तिकाटणं गाडीच्या नाकावर उभं केलं, इंजिनाला दोन जागी साखळी घातली. खालचे बोल्ट मी आडवा होऊन काढले. शेवटच्या बोल्टनं माझ्या कपाळावर सही केली. अण्णांनी कप्पीची साखळी ओढायला घेतली. कट, कट, कट. एकेक कडी, अजिबात घाई नाही.

इंजिनाआधी गाडीच हलली. वजन कमी होऊ लागलं तसं तिचं नाक हळूहळू वर आलं, एखादं जनावर पाणी पिऊन मान उचलतं तसं. मला कुणी हे आधी सांगितलं नव्हतं. मी पाना हातात धरून नुसताच बघत राहिलो.

"सर, शेपूट! शेपूट खाली करा!"

इंजिनामागच्या गिअर बॉक्सचं शेपूट खाली, इंजिनाचं नाक वर, असं तिरकं करून ते बाहेर काढायचं होतं. मी पुस्तकात वाचलेलं सगळं विसरलो होतो. शेपूट खाली झालं की मागच्या भोकातून तेल सांडतं, हेही विसरलो होतो. पण तिथं बायको आधीच गुडघ्यावर बसली होती. तिनं दुधाची रिकामी पिशवी त्या शेपटावर चढवून वर रबर गुंडाळलं आणि एकही थेंब फरशीवर पडला नाही. पुस्तक मी वाचून टेबलावर उघडं टाकलं होतं, ते तिनंही वाचलं होतं.

इंजिन बाहेर आलं आणि कडुनिंबाच्या सावलीत लोंबत राहिलं. नेमके तेव्हा गल्लीतले माग थांबले होते. इंजिन हळूहळू स्वतःभोवती फिरत होतं, एकदा आमच्याकडे तोंड, एकदा रस्त्याकडे, आणि पानांची सावली त्याच्यावरून सरकत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला त्या वेळात उतार दिसला, ज्वारी दिसली, आणि गाडीत मी कुठंच नव्हतो. बरं वाटलं.

जुन्या टायरवर ते उतरवलं. गिअर बॉक्सचे बोल्ट सोडून तो ओढून वेगळा केला. तो हाताला अगदी अडकलेला लागला. म्हणजे गाडी त्यानंच धरली होती, निदान त्यानं तरी. आता इंजिन. मागं मोठं दातेरी चाक होतं. ते फिरलं तर सगळं फिरणार, नाही फिरलं तर संध्याकाळी पुण्याचा टेम्पो. मी पुढं वाकलो आणि तसाच थांबलो. माझ्या हातांवर माझा त्या घडीला विश्वास नव्हता. फिरलं नाही तर ते माझ्या हातून फिरलं नाही, असं व्हायला नको होतं.

"सरका," ती म्हणाली.

साडीचा पदर खोचून ती खाली बसली. दोन्ही हातांनी चाकाचे दात धरले. जोर लावला. काही नाही. अण्णा म्हणाले, "अक्का, ढकलू नका. आधी थोडं मागं न्या." तिनं मागं नेलं. केसभर. मग पुढं. मग परत मागं. तिच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या आणि ओठ घट्ट मिटले होते. मी आकाशाकडे बघितलं, कारण खाली बघवत नव्हतं.

आणि मग आतून लांब श्वास सोडल्यासारखा आवाज आला. प्लगच्या भोकांतून जुन्या तेलाचा वास बाहेर आला आणि चाक पाव वळण फिरलं. ती थांबली. पुन्हा लावलं. अर्धं. मग पुरतं. अण्णा तेलुगूत काहीतरी म्हणाले आणि आपल्या डोक्यावरून हात फिरवत बसले.

ती उठली नाही. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. म्हणाली, "दादाला फोन लावा आणि माझ्या कानाला धरा."

मी धरला.

"दादा? माणूस पाठवू नको. व्हय, फिरलं. न्हाय रे, ह्यांनी न्हाय, मी फिरवलं." मग बराच वेळ ती फक्त ऐकत राहिली. पलीकडे भाऊ काय म्हणत होता कळलं नाही, पण तिनं दोनदा मान हलवली, जणू तो समोर बसलाय. "ये की मग. पण आता तरी गाडी लागू देऊ नको."

फोन मी खिशात ठेवला. ती माझ्या कपाळावरच्या जखमेकडे, फरशीभर पसरलेल्या नट-बोल्टकडे, नाक वर करून उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीकडे एकेक करून बघत होती. मग म्हणाली,

"परत कधी बसवणार, ते मी विचारणार नाही. मला काही घाई नाही. फक्त तोवर घरातलं दुसरं काही उघडू नका."