बऱ्हाणपुरी दरवाजा

भर दुपारी नलिनी न जेवताच आरामखुर्चीत टेकते. आज सकाळी रस्ता रुंद करायला हिवरापूरचा बऱ्हाणपुरी दरवाजा पाडला. अर्धं आयुष्य त्या कमानीच्या डागडुजीत घालवलेली नलिनी जेसीबीसमोर घसा बसेपर्यंत ओरडली. शेवटी पोलिसांनी तिला दंडाला धरून बाजूला केलं. आता डोळे मिटतात, पंख्याची घरघर लांब लांब जाते, आणि समोर ठोसर सर उभे असतात. पुरातत्त्व खात्यातले तिचे साहेब. त्यांना जाऊन काही वर्षं झाली.

"चल, दरवाजा बघून येऊ."

"नको सर, ऊन फार आहे."

पण ते निघालेलेच असतात. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडावं तर दोघं थेट कमानीखाली. दरवाजा अख्खाच्या अख्खा. भिंतीवर इंग्रजी अमदानीतली पाटी : मोडतोड केल्यास दंड.

"त्यांना वाटलं, पाटीनं भागेल," सर हसतात.

दोन पावलांवर भिंत करडी होते. सर एकदम तरुण दिसतात, हातात थापी.

"आम्हाला वाटलं, सिमेंटनं भागेल. ओल आतच कोंडली, दगड सुटायला लागले. मग तू आलीस."

पुढे ओल्या चुन्याचा वास. दोन वेण्यांतली नलिनी घमेल्यात चुना कालवत बसलेली.

"तू बरोबर केलंस, पोरी. आता हा दरवाजा आपल्या सगळ्यांना पुरून उरेल."

नलिनी मान फिरवते. कमानीचं आता नगरपालिकेचं सभागृह झालेलं असतं. खुर्चीखुर्चीवरून हात वर.

"कशाला मतं देतायत गं हे?"

"पाडायच्या ठरावाला."

"मग कोर्टात जाऊ!"

"जाऊन आले, सर. हरले. आज सकाळी पाडला."

सर वर बघतात. वर कमान नाही, नुसतं पांढरं ऊन.

"मग मी कुठे उभा आहे, नलिनी?"

ती त्यांचा हात घट्ट धरते. तो गार आणि चिकट लागतो.

"सोड," सर हळूच म्हणतात. "आता इथे काय थांबायचं?"

ती सोडत नाही. हातच विरून जातो.

नलिनीला जाग येते. उजवा तळवा चिकट आहे. ती तो नाकाशी नेते. बेलाचा गर, चुना चिवट व्हावा म्हणून त्यात घालतात तो. घरात बेलफळ नाही. ती मोरीत जाते, नळ सोडते, पण हात पाण्याखाली धरत नाही. पाणी नुसतंच वाहत राहतं.