सांगून ठेवलेली पाळत

मर्ल पेंगेलीला गावाच्या फेसबुक गटातून हाकललं, ते एका साध्या प्रश्नावरून. बंदरातल्या धक्क्याच्या पुढच्या टोकाला कुंपण का घातलंय, एवढंच तिनं विचारलं होतं. गट चालवायचा ब्रेंटन लिंके आणि नगरसेवकही तोच. आमच्या पोर्ट टॅलोत बातमी म्हणजे तो गट. म्हातारी आता गप्प बसेल, असं ब्रेंटनला वाटलं. इतकी वर्षं शेजारी राहून त्याला मर्ल कळली नव्हती, दुसरं काय.

नवरा गेल्यापासून मर्लची प्रत्येक संध्याकाळ त्या टोकावर जायची. माकुलं तिथंच गळाला लागतात. आम्ही चारचौघी तिच्या शेजारी गळ टाकून बसायचो. ते टोक गेलं तर आम्ही भेटणार कुठं, हे कौन्सिलमध्ये कुणाला सुचलंही नसेल.

मर्ल तडक लायब्ररीत गेली. तिथं काम करणाऱ्या त्रिननं तिला फीड लावायला शिकवलं. कौन्सिलच्या संकेतस्थळाचा पत्ता एका ॲपमध्ये एकदा घालून ठेवायचा. तिथं काही नवं आलं की ते आपोआप आपल्यापुढे येतं. मधे कुणाची परवानगी लागत नाही. पहिल्या दिवशी मर्लनं हावरटासारखी अख्ख्या राज्याची फीड्स लावली आणि भलत्याच गावांच्या हरवलेल्या मेंढ्यांबद्दल वाचत बसली. मग एकेक काढून टाकली.

पण चोरून पाहणं तिला पटेना. पडद्याआडून डोकावणाऱ्यांना आमच्याकडे कोणी किंमत देत नाही. ती सरळ कौन्सिलच्या कचेरीत गेली आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "आजपासून तुमची प्रत्येक सूचना माझ्याकडे येणार आहे. सांगून ठेवते." मुलगी हसली. ऐकून मीही हसले होते.

एका सकाळी सूचना आली: धक्क्याचं मोडकळीला आलेलं पुढचं टोक पाडण्याचा प्रस्ताव, शुक्रवारच्या सभेत मतदान. गटात याबद्दल अवाक्षर नव्हतं. मर्लनं ती छापून आमिषाच्या दुकानातल्या फ्रीजवर चिकटवली. गळ टाकणारा माणूस तिथं गेल्यावाचून राहत नाही.

शुक्रवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. ब्रेंटनचा चेहरा पडला.

"आम्ही काही लपवलेलं नाही, मर्ल," तो म्हणाला. "सूचना संकेतस्थळावर होती. कुणीही वाचू शकलं असतं."

"वाचली ना. म्हणून तर सगळे आलेत."

मागे कुणीतरी खो-खो हसलं. मतदान झालं, प्रस्ताव पडला. लोक टाळ्या वाजवत उठले, मीही पिशवी उचलली. मर्ल मात्र जागची हलली नाही.

"पाडणार नाही, हे कळलं," ती म्हणाली. "आता दुरुस्ती कधी करताय ते सांग, ब्रेंटन. तारीख ऐकल्याशिवाय मी घरी जायची नाही."

मी पिशवी खाली ठेवली आणि परत तिच्या शेजारी बसले. मग मागची रांगही बसली.