घरत सरांच्या क्लासातला व्हायरस

जुन्या सहकाऱ्यांबरोबर चहाला बसलं की एक किस्सा सांगून कोणी थांबत नाही. परवा बेलापूरला आम्ही काही जण भेटलो, तेव्हा एकाच्या फोनवर ‘व्हायरस आढळला’ असा मेसेज आला. झालं, पुढची सगळी संध्याकाळ आम्ही घरत सरांच्या क्लासबद्दलच बोलत राहिलो.

आमचा कॉम्प्युटर क्लास नेरूळ गावात होता, सरांच्या घराच्या तळमजल्यावर. आता तिथे टॉवर आहे. सरांची भातशेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली, आणि हातात आलेल्या पैशातून लोक गाड्या घेत होते तेव्हा त्यांनी सहा कॉम्प्युटर घेतले. स्वतःला काही येत नव्हतं. ‘आपल्या गावच्या पोरान्ला कॉम्प्युटर याला पायजे,’ एवढंच म्हणायचे. शिकवायला मी आणि कांबळे. कांबळे लातूरकडचा, माझ्याच वयाचा, गावातच भाड्याने राहायचा.

*

टायपिंग शिकवणारा एक प्रोग्राम होता. फ्लॉपीवर आरामात मावायचा. एके दिवशी मी कॉपी करायला गेले तर मावेना. कांबळेने पाहिलं, फाइल फुगली होती. प्रोग्राम पुन्हा चालवला, तर आणखी फुगली.

सर मागे येऊन उभे राहिले. “मी काय भरला नाय, तुमी काय भरला नाय. मंग ही जेवते कुठं?”

कांबळेने समजावलं. “सर, हा व्हायरस दुसऱ्या प्रोग्रामला चिकटून येतो. तो प्रोग्राम एकदा चालवला की हा मेमरीत जाऊन बसतो. प्रोग्राम बंद केला तरी हा उठत नाही. मग आपण जो जो प्रोग्राम चालवू, त्याच्या फाइलला हा आपली एक कॉपी चिकटवतो.”

सर विचार करून म्हणाले, “म्हंजे पावना. निगालो निगालो म्हनतो आनि ओटीवर बसून र्‍हातो.”

*

बातमी बाहेर गेलीच. उरणहून एक मुलगा यायचा, त्याचे वडील दुसऱ्या दिवशी क्लासात हजर. मुलगा नुकताच काविळीतून उठला होता. “त्याला त्या मशीनवर नको,” म्हणाले.

कांबळेने त्यांना बसवलं, फळ्यावर चौकोन काढले, मेमरी दाखवली, फाइल दाखवली. हा आजार माणसाला होत नाही, हे तीन-तीनदा सांगितलं. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं.

“समजलं सर. बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “पण त्याला खिडकीजवळ बसवा.”

*

मग सर मुंबईला गेले आणि कोणाकडून तरी अँटिव्हायरसची फ्लॉपी कॉपी करून घेऊन आले. येताना पेढेही आणले. मोठ्या उत्साहात त्यांनी स्वतःच्या हाताने ती पहिल्या मशीनवर चालवली. मग दुसऱ्या. मग सगळ्या.

संध्याकाळी आधी बरी असलेली मशीनही रडायला लागली. कांबळेच्या लक्षात आलं. पहिलं मशीन चालूच होतं, व्हायरस आधीच मेमरीत बसला होता. अँटिव्हायरस हाही शेवटी एक प्रोग्रामच. चालवल्याबरोबर त्यालाच व्हायरस चिकटला, आणि त्याच फ्लॉपीने तो सगळीकडे पोहोचवला.

सरांनी पेढ्याचा बॉक्स बंद केला. “डाक्टरच खोकत फिरत होता.”

*

खरा उपाय साधा होता. मशीन पूर्ण बंद करायचं, म्हणजे मेमरी रिकामी होते. मग स्वच्छ फ्लॉपीवरून चालू करायचं आणि साफसफाई करायची. फक्त त्या फ्लॉपीच्या कडेची खाच झाकलेली हवी, म्हणजे तिच्यावर कोणालाच काही लिहिता येत नाही, व्हायरसलासुद्धा. खाचेवर लावायचे स्टिकर नेमके संपले होते. मी वर जाऊन काकूंकडून, म्हणजे सरांच्या बायकोकडून, त्यांच्या मोठ्या मखमली टिकल्यांचं पाकीट आणलं. घडी घालून खाचेवर त्या फिट्ट बसल्या.

दोन दिवसांत सगळी मशीन साफ झाली. काकू चहा घेऊन आल्या, लाल टिकल्या लावलेल्या फ्लॉप्यांची ती ओळ बघितली आणि सरांना म्हणाल्या, “इतकी शिकलेली मानसा ठेवलीत, आनि पीडा काडाला माजी टिकलीच लागली ना?”

*

त्यानंतर सरांनी नियम केला. दर शनिवारी प्रत्येकाची फ्लॉपी तपासायची. तपासणं ते कांबळेकडून शिकले आणि कौतुकाने स्वतःच करायचे.

सरांची मुलगी रंजना आमच्याकडेच शिकली होती. बेलापूरला एका खासगी ऑफिसात नोकरी करायची आणि शनिवारी सरावाला क्लासात यायची. एका शनिवारी तिची फ्लॉपी खराब निघाली. त्यानंतर आणखी एकच. लेबलवर नाव, कांबळे. दोन्हींवर व्हायरस चिकटला होता तो एकाच प्रोग्रामला. वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा, पडद्यावर चांदण्या पाडणारा छोटासा प्रोग्राम.

क्लासात बोटांचे आवाज थांबले. असल्या गोष्टीवरून गावात घरं तुटलेली आम्ही पाहिली होती. कांबळेची खोली तर याच गल्लीत होती.

“कांबळे, यो आपल्या मशीनवरचा हाय?” सरांनी विचारलं.

“नाही सर. हा वेगळा आहे.”

“रंजनाच्या हापिसातला?”

“असेल सर.”

“मंग तुज्या फ्लॉपीवर कसा?”

मागच्या मशीनवरून रंजना उठली. “मी दिला, बाबा,” ती म्हणाली. मान खाली नव्हती.

सर कांबळेकडे वळले.

“कवापासून चाललाय ह्या?”

“गणपतीच्या आधीपासून, सर,” कांबळे म्हणाला.

सरांनी दोन्ही फ्लॉप्या काढल्या आणि त्याच्या हातात ठेवल्या. “साफ कर,” ते म्हणाले. “आनि आईबापाला गावशी बोलावून घे. माज्या घरी येकटा येऊ नको.”